बेचाळीस म्हटल्यावर ओ कोणी द्यावी

जुना जालना
३ नोव्हेंबर २०२५

अर्पिता,

मामाचं पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी जवळ फोन का ठेवत नाही असं तुझी आई येता-जाता विचारते. तिला सांग, फोन उचलला की समोरचा ‘बोला’ म्हणतो, आणि गळ्याच्या ऑपरेशनपासून तेवढा एक शब्द मला सोसत नाही. म्हणून कागद. आपल्या अजमत हमालाची सून रुखसार गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान चालवते. मी हाताने लिहितो, ती फोटो काढून तुला मेल करते. तुझं उत्तर आलं की छापून, पाकिटात घालून आणून देते. वाचत नाही म्हणते. पाकीट देताना हसते मात्र.

तू दिवाळीत बसवून दिलेलं बोलकं यंत्र ठणठणीत आहे. मी टाइप करतो, तो पंजाएवढा कॉम्प्युटर वाचतो, स्पीकर बोलतो. त्याला ‘ळ’ येत नाही, टाळ्यांच्या ताल्या करतो. चालेल. पुण्याच्या वक्त्यांकडून मी याहून वाईट मराठी ऐकलं आहे. तुझ्या सुरेखामावशीने थांबवायच्या कळेवर आपली लाल टिकली चिकटवून दिली. टिकली दाबली की यंत्र शब्दाच्या मध्यात गप्प होतं. हे मला फार आवडलं. ज्याला थांबता येत नाही तो वक्ता नव्हे, नळ आहे.

डॉक्टर म्हणतात, तीन महिने गळ्याला आराम. पण तीन महिने धान्याचा मोंढा थांबणार नाही. तेवीस तारखेला, रविवारी, हमालांची सभा आहे. व्यापाऱ्यांच्या कमिटीने ठराव आणला आहे: हमालीचा बिल्ला ज्याच्या नावाचा, पोतं त्याच्याच पाठीवर. दुसऱ्याच्या पाठीवर सापडलं तर बिल्ला रद्द. ऐकायला किती सरळ. माणसाची रोजी काढून घेणारे ठराव ऐकायला नेहमी सरळच असतात. हा मंजूर झाला तर दुसऱ्याच्या बिल्ल्यावर राबणारा निम्मा मोंढा घरी बसेल. कमिटीकडून धर्मराजशेठ बोलणार, हमालांकडून मी. दुसरं कोणी उभं राहायला तयार नाही. इतकी वर्षं एकटा मीच बोललो, त्याची ही शिक्षा.

एक तक्रार आहे. यंत्र श्वास घेत नाही. बटण दाबलं की लगेच सुरू. बोलण्याआधी क्षणभर गप्प राहिलं की शेवटच्या ओळीतला माणूस मान वर करतो. तो क्षण मला दे. बाकी तुझ्या विद्येवर माझा विश्वास आहे.

सोमेश्वरमामा


पुणे
५ नोव्हेंबर

मामा,

माझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर मीच आले असते. आई म्हणते, लेकीचा पाय आणि भावाचा गळा, आता माझ्या डोक्याचं तेवढं बघायचं राहिलं.

श्वास देते. त्याआधी आत काय चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे ओळी टाइप करताना गोंधळ होणार नाही. कॉम्प्युटरवर चालू झालेल्या प्रत्येक कामाला एक नंबर मिळतो. त्याला प्रोसेस नंबर म्हणतात. काम थांबवायचं तर नावाने हाक मारून उपयोग नाही, नंबर सांगावा लागतो. तुमच्या यंत्रात दोन कामं आहेत. एक मुख्य काम. ते कीबोर्डकडे लक्ष ठेवून बसतं. तुम्ही वाक्य दिलंत की ते एक लहान काम जन्माला घालतं, आणि ते लहान काम वाक्य बोलतं. आम्हीही त्यांना आई-बाप आणि मूलच म्हणतो. मूल जन्मल्याबरोबर स्वतःचा नंबर एका फाईलमध्ये लिहून ठेवतं. टिकली दाबली की मुख्य काम फाईल उघडतं, नंबर वाचतं आणि त्या नंबराला थांबवतं. मुलाने ‘माझा नंबर काय’ असं विचारायची खूण म्हणजे दोन डॉलर, शेजारी शेजारी.

आत्तापर्यंत ते लहान काम एका वेगळ्या फाईलमध्ये होतं. श्वासासाठी दोन्ही फाइली बदलाव्या लागल्या असत्या. तुम्हाला तो त्रास नको म्हणून मी ते मुख्य फाईलमध्येच कंसात घातलं आहे. कंस उघडा, एक सेकंद थांबा, नंबर लिहा, बोला, कंस बंद. ओळी जोडलेल्या कागदावर आहेत. यंत्र टीव्हीला जोडून, जशाच्या तशा टाइप करा.

तेवीस तारखेची काळजी करू नका.

अर्पिता

ता. क. यंत्राला इंटरनेट जोडलंत तर मी इथूनच सगळं केलं असतं.


जुना जालना
१० नोव्हेंबर

अर्पिता,

इंटरनेट जोडणार नाही. माझा आवाज मी कोणाच्या तारेवर लटकवणार नाही. ते राहू दे. काल जे झालं ते लिहितो.

तुझ्या ओळी मी स्वतः टाइप केल्या. ‘मी कोण’ एवढं विचारायला तुमच्या भाषेत दोन डॉलर पडतात हे वाचून हसलोही. यंत्राने श्वास घेतला. इतका सुंदर घेतला की सुरेखाने हातातली भाजी खाली ठेवली. टिकलीची परीक्षा पुन्हा घेण्याचं मला सुचलं नाही, कारण ती आधी चालत होती.

काल संघटनेच्या कार्यालयात रंगीत तालीम होती. शंभरेक माणसं. मी पहिला परिच्छेद सुरू केला, लांब, चढत जाणारा. मध्येच अजमत उठला. अर्पिता, हा माणूस मी संघटना उभी केली तेव्हापासून सभेला येतो आणि कधी तोंड उघडत नाही. कणा गेल्यापासून काठी धरून भिंतीला बसतो. तो उठला आणि म्हणाला, “भाऊ, पोरांचं काय?” मी टिकली दाबली.

यंत्र थांबलं नाही. मी पुन्हा दाबली. ते बोलतच राहिलं. अजमत उभा, ओठ हलताहेत, आणि माझा आवाज त्याच्या डोक्यावरून न्यायाच्या गप्पा मारतोय. शेवटी तो बसला. यंत्राने परिच्छेद शेवटच्या शब्दापर्यंत पुरा केला आणि मेलं. मी टाइप केलं, ‘अजमत, तू बोल.’ काही नाही. आणखी दाबलं, काही नाही. मागून कोणीतरी हसलं. वायर काढून पुन्हा जोडेपर्यंत निम्मी माणसं उठून गेली होती.

सांगितलं तेव्हा थांबत नाही आणि सांगितलं तेव्हा बोलत नाही, अशा आवाजाचं मी काय करू? घरी आल्यावर पुन्हा पाहिलं. दर वेळी तसंच होतं. टिकली दाबा, वाक्य पुरं होतं, मग कायमचं मौन.

अजमतने काल संध्याकाळी चहाला नाही म्हटलं.

सो.


पुणे
११ नोव्हेंबर

मामा,

रागावू नका, पण आधी हे विचारावंच लागेल. ओळी जशाच्या तशा टाइप झाल्या आहेत का? एखादं स्वल्पविरामासारखं चिन्ह, एखादा डॉलर कमी-जास्त? जुनी पद्धत माझ्या लॅपटॉपवर आत्ताही नीट थांबते आहे. आता यंत्रात ज्या ओळी आहेत त्या तिथे बघून बघून कागदावर उतरवा आणि पाठवा.

एवढं नक्की की टिकली दाबल्यावर काहीतरी थांबतंय. जे थांबायला हवं ते नाही, दुसरंच.

सभेला अजून वेळ आहे. अजमतचाचांना सांगा, चूक माझ्या बाजूची असू शकते.

अर्पिता


जुना जालना
१३ नोव्हेंबर

अर्पिता,

उतारा सोबत आहे. ताडून पाहा. माझं अक्षर वाईट असेल, डोळे नाहीत. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या निवेदनांत काने-मात्रे सुधारले आहेत, मला स्वल्पविराम शिकवू नकोस.

माझा संशय वेगळा आहे. कार्यालयातला स्पीकर ज्या दुकानातून भाड्याने आणला ते धर्मराजशेठच्या पुतण्याचं. तालमीच्या आदल्या दिवशी तो पोरगा वायर बघायला म्हणून येऊन गेला होता. घरीही यंत्र मरतं हे मला ठाऊक आहे. पण एकदा आत काही बिघडवलं की ते बिघडलेलंच राहणार ना? सुरेखा म्हणते, भाऊ, तुला प्रत्येक फ्यूजमागे व्यापारी दिसतो. दिसतो. बहुतेक वेळा असतोही.

मी रोज भाषण टाइप करतो आणि टिकलीला हात लावत नाही. सभेतही लावणार नाही, सरळ वाचून टाकतो, असं ठरवत होतो. मग धर्मराजशेठ आठवतो. तो मध्ये बोलणारच. गोड बोलतो तो. त्याच्या एका प्रश्नावर माझं यंत्र बरळत राहिलं की सभा त्याची झाली.

हे यंत्र मला नीट करून दे. काम भागवणारं नको. वर्षानुवर्षं टिकेल असं कर.

सो.

[त्याच मेलमध्ये, दुसऱ्या फोटोत, वेगळ्या अक्षरात]

ताई, मी रुखसार. मामूचं पत्र मी वाचत न्हाई, पण फोटो डोळे झाकून तर काढता येत न्हाई ना. एक गोष्ट सांगते. तीन महिन्याचं ते झूट आहे. डॉक्टरकडं मी अन् माझा नवरा अतिक संग गेल्तो. डॉक्टर आमच्या समोर बोलले, आवाज आता येणार न्हाई, बिलकुल न्हाई. मामूनं सुरेखाआपांना बी सांगितलं न्हाई. मला कसम घातली की कोणाला बोलायचं न्हाई. तर मी बोलून न्हाई राह्यले, लिहून राह्यले. मशीन जल्दी बराबर करा. मामू दुपारी दार लावून तिच्याजवळ नुसते बसून राहतात, मंग मला बरं वाटत न्हाई. अन् मामूला सांगू नका.


पुणे
१५ नोव्हेंबर

मामा,

उतारा तंतोतंत बरोबर आहे. एकही चिन्ह चुकलेलं नाही. माफ करा.

तुमच्या त्याच ओळी मी इथे लॅपटॉपवर घातल्या. इथेही तेच होतं. टिकली दाबली की मुख्य काम मरतं, बोलणारं पोर मात्र बोलत राहतं. म्हणजे धर्मराजशेठच्या पुतण्याचा यात काही संबंध नाही, बिचाऱ्याला सोडा. चूक माझ्याच ओळींत आहे, फक्त ती कुठे आहे हे मला अजून दिसत नाही. माझं रोजचं काम वेगळं आहे, ही भाषा मी गरजेपुरती शिकले. मुलाने लिहिलेला नंबर मी उघडून पाहिला. नंबर खरा आहे, त्या नंबराचं काम जिवंत आहे. मुलाला विचारलं तू कोण, त्याने उत्तर दिलं, मी त्या उत्तराला थांबवलं. मग मूल का थांबत नाही?

ऑफिसमध्ये एकाला दाखवलं. तो म्हणाला, सगळं फेकून दुसऱ्या भाषेत नव्याने लिही. आठ दिवसांत नव्याने लिहिलेल्या गोष्टीवर मी तुम्हाला सभेत उभं करणार नाही.

वर्षानुवर्षं टिकणारं म्हणालात. हो, तसंच करू. घाई फक्त सभेपुरती आहे, बाकी आपल्याला वेळच वेळ आहे.

तुमचं पूर्ण भाषण पाठवता का? लांब वाक्यांवर तपासून पाहते. आणि दुपारी दार उघडं ठेवत चला. हवा खेळती राहिली की यंत्रं कमी तापतात.

अर्पिता


जुना जालना
१८ नोव्हेंबर

अर्पिता,

दार उघडं ठेवायला तुला कोणी सांगितलं ते मी विचारत नाही. आज रुखसारनेही पाकीट देताना खाली पाहिलं.

भाषण पाठवतो. मधला भाग अजून कच्चा आहे. अजमतच्या प्रश्नाचं उत्तर त्यात घालायचा प्रयत्न केला आहे. त्याला ते तालमीत मिळालं नाही म्हणून निदान कागदावर तरी.

‘मित्रांनो, पहाटे मोंढ्यात मुकादम हाक मारतो: बेचाळीस! आणि अतिक ओ देतो. बेचाळीस हा अतिकचा बिल्ला आहे का? नाही. तो त्याच्या बापाचा, अजमतचा आहे. अजमतची पाठ गेली, त्या दिवसापासून पोरगा बापाच्या नंबरावर उभा आहे. त्याला नवा बिल्ला द्या म्हणून आम्ही कितीदा अर्ज केले, कमिटी म्हणाली, आहे त्यात भागवा. भागवलं. आज अतिकला विचारा, तू कोण? तो बेचाळीस सांगेल. तो खोटं बोलत नाही. बापाच्या घरात जन्मला, बापाच्या नंबरात वाढला, त्याला त्याचा स्वतःचा नंबर कोणी दिलाच नाही.

‘आणि आता कमिटी म्हणते, अतिकच्या पाठीवर पोतं सापडलं, बेचाळीस रद्द करा. नीट पाहा काय होतं ते. गुन्हा म्हणे लेकाचा, पण नाव कोणाचं खोडलं गेलं? बापाचं. दवाखान्याचं कार्ड बापाचं गेलं, म्हातारपणचा आधार बापाचा गेला. आणि लेक? त्याला तर त्या क्षणी कळणारही नाही. पाठीवरचं पोतं थप्पीला लागेपर्यंत तो चालत राहील. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला हाक मारायला कोणी नसेल.

‘आमचं मागणं एका ओळीचं आहे. बापाचा नंबर बापाकडे राहू द्या आणि लेकाला लेकाचा द्या. मग बेचाळीस म्हटल्यावर ओ कोणी द्यावी, हा प्रश्नच राहणार नाही.’

एवढं आहे. वाचून वाटतं ते स्पष्ट सांग, गोड नको. टिकलीचं काही झालं नसेल तरीही सांग. मी टिकली काढून सुरेखाला परत देईन आणि न थांबता वाचेन.

सो.


पुणे
१९ नोव्हेंबर

मामा,

भाषणाला हात लावू नका. सापडलं.

मी मधला भाग वाचत होते. ‘त्याला विचारा तू कोण, तो बापाचा नंबर सांगेल, तो खोटं बोलत नाही.’ तिथेच थांबले. लॅपटॉप उघडला, कंसातल्या मुलाकडून त्याचा नंबर छापून घेतला, आणि शेजारी मुख्य कामाचा नंबर छापला. दोन्ही एकच. इतके दिवस मी मुलाचा नंबर खरा आहे का एवढंच पाहत होते. तो कोणाचा आहे हे पाहिलंच नव्हतं.

जुनं लहान काम वेगळ्या फाईलमध्ये होतं, म्हणजे वेगळं घर केलेला मुलगा. त्याला दोन डॉलरने विचारलं की तो स्वतःचा नंबर सांगायचा. तुमचा त्रास वाचवायला मी त्याला कंसात घातलं, म्हणजे बापाच्या घरात आणलं. या भाषेत कंसातल्या मुलाला दोन डॉलरने विचारलं की ते बापाचाच नंबर सांगतं. तसा नियमच आहे, पुस्तकात लिहिलेला, मी वाचलेला नव्हता. मग तुम्ही टिकली दाबता, फाईलमध्ये बापाचा नंबर, बाप जागच्या जागी संपतो. पोराला काही कळत नाही. ते हातातलं वाक्य थप्पीला लावेपर्यंत बोलत राहतं. पुढचं वाक्य सांगायला मागे कोणी उरलेलं नसतं.

दुरुस्ती तुमच्या मागणीसारखीच आहे. मुलाला विचारायचंच नाही. मूल जन्मल्याबरोबर बापाने स्वतः नोंद करायची: आत्ता मी ज्याला पाठवलं त्याचा नंबर हा. त्याची खूण निराळी आहे: एक डॉलर आणि पुढे उद्गारचिन्ह. कंसातली दोन डॉलरची ओळ पूर्ण काढून टाका. कंस बंद होतो त्याच्या लगेच खालच्या ओळीत, बाहेर, नवी ओळ घाला. ती सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात आहे. बाकी कशालाही हात लावू नका. श्वास तसाच राहील.

मी इथे लांब वाक्यांवर, श्वासाच्या मध्यात, पहिल्या अक्षराला, सगळ्या ठिकाणी दाबून पाहिलं. दर वेळी मूल थांबतं आणि बाप जागा राहतो. तरी तुमच्या यंत्रावर, तुमच्या हाताने थांबेपर्यंत मला चैन नाही. टाइप केल्यावर एखादं लांब वाक्य देऊन, मध्येच टिकली दाबून पाहा. थांबलं तर रुखसारला सांगा, ती मला एक शब्द मेल करेल. नाही थांबलं तर मी प्लास्टरसकट गाडी करून येते.

आणि मामा, हे यंत्र तीन महिन्यांसाठी नाही, हे मला माहीत आहे. कोणावर रागावू नका. मी आईला किंवा मावशीला सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं.

अर्पिता


जुना जालना
२४ नोव्हेंबर

अर्पिता,

रुखसारने गुरुवारी तुला ‘थांबलं’ एवढा एकच शब्द पाठवला. पुढचं मी लिहितो म्हणून तिला अडवलं होतं. तुला चार दिवस टांगून ठेवलं, पण सभा होईपर्यंत माझा कशावरच विश्वास नव्हता, यंत्रावर नाही आणि माझ्यावरही नाही.

काल सभेला मोंढा भरला होता. धर्मराजशेठ आधी बोलला. गोडच बोलला. आम्हाला कोणाची रोजी काढायची नाही, फक्त हिशोब स्वच्छ हवा, ज्याचा बिल्ला त्याचं काम, यात वाईट काय. माना हलल्या. मग मी यंत्रासमोर बसलो. पहिलं वाक्य दिलं. यंत्राने श्वास घेतला आणि शेवटच्या ओळीतल्या माना वर झाल्या.

बेचाळीसचा भाग आला. मुकादम हाक मारतो, इथपर्यंत आवाज पोचला आणि धर्मराजशेठ खुर्चीतूनच म्हणाला, “अहो, हा बेचाळीस आहे तरी कोण? उभा तर राहू द्या.”

मी टिकली दाबली.

यंत्र शब्दाच्या मध्यात थांबलं. पडद्यावर रेघ लुकलुकत होती. बाप जागा होता. मी एवढंच पाहत राहिलो, त्यामुळे सभेत काय झालं ते मला क्षणभर उशिरा दिसलं. दोघं उभे राहिले होते. भिंतीशी काठी टेकून अजमत, आणि मधल्या रांगेतून अतिक.

शेठ हसला. एका नंबराला दोघं उठले, म्हणाला, बघा मंडळी, मी याच गोंधळाबद्दल बोलतोय, याला माझ्या गावात चोरी म्हणतात.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. चांगलं होतं, धारदार. मी टाइप करायला सुरुवातही केली. मग अजमतकडे पाहिलं. त्या दिवशी याच माणसाच्या डोक्यावरून माझा आवाज गेला होता. मी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

सगळे यंत्राकडे पाहत होते. यंत्र बोलेना. मी बोलेना. धर्मराजशेठ खुर्चीत मागे टेकला, जिंकल्यासारखा.

तेव्हा अतिक बोलला. आवाज फाटत होता. “चोरी न्हाई, शेठ. बेचाळीस अब्बांचा हाये. मी अतिक. पोतं मी उचलून राह्यलो. अब्बांचा नंबर त्यांना राहू द्या, मला माझा द्या.”

अजमत खाली बसला, लेकाला उभं ठेवून. मग पलीकडून एकाने उठून आपलं नाव सांगितलं. मग आणखी एकाने. नंबर कोणी सांगितला नाही. मी संघटनेसाठी इतकी भाषणं केली, पण या पोरांची नावं मला पहिल्यांदा ऐकू आली. मी बोलत असायचो ना.

ठराव मंजूर झाला नाही. फेटाळलाही गेला नाही. कमिटीने पुढच्या महिन्यावर ढकलला आहे आणि तोवर पोरांचे नव्या बिल्ल्यांचे अर्ज घ्यायला ती कबूल झाली आहे. धर्मराजशेठ जाताना मला म्हणाला, सोमेश्वरभाऊ, आज तुमचं यंत्र बिघडलं वाटतं. मी मान हलवली. समजू दे त्याला बिघडलं. अर्ज घेतले म्हणजे बिल्ले मिळाले असं नव्हे हे मला कळतं, आणि काळजी गेलेली नाही. पण आज पहाटे मी मुद्दाम मोंढ्यात गेलो. मुकादमाने सवयीने बेचाळीस म्हणून हाक मारली. अतिक समोर उभा होता, गप्प राहिला. मुकादमाने पुन्हा हाक मारली. मग डोकं खाजवून म्हणाला, “बरं बाबा, अतिक.” तेव्हा त्याने ओ दिली.

संध्याकाळी अजमत चहाला आला.

आता गुरुवारचं. नवी ओळ टाइप केली. तुझं उद्गारचिन्ह घातलं. आयुष्यभर मी ते तोंडाने वापरलं, पण कोणाला थांबवण्यासाठी कधी वापरलं नव्हतं. तपासायला लांब वाक्य दे, असं तू लिहिलं होतंस. दार उघडं होतं, सुरेखा आणि रुखसार उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी टाइप केलं: ‘माझा आवाज परत येणार नाही, आणि हे मी माझ्या बहिणीला सांगितलेलं नाही.’ म्हटलं, कोणीतरी सांगायला हवं, यंत्रच सांगेल.

यंत्राने श्वास घेतला. सुरेखाने मान वर केली.

‘माझा आवाज परत,’ एवढं ते म्हणालं, आणि मी टिकली दाबली.

थांबलं. मी उठलो, उंबऱ्याशी जाऊन बहिणीशेजारी बसलो, आणि उरलेलं वाक्य बोटाने तिच्या तळहातावर लिहिलं.

तुझा,
सोमेश्वरमामा